टब काढला की खोलीलाच टब व्हावं लागतं

‘तोडफोड करू नका. टब उचलून बाहेर काढू, खाली लादी लावू, वर शॉवर बसवू. चार दिवसांत बाथरूम तयार.’ जुन्या फ्लॅटमधला बाथटब काढायचं ठरवलेल्या बहुतेक घरांना हे ऐकावं लागतं. इंटिरियरवाला सांगतो, लाद्यांच्या दुकानात सांगतात, नुकतंच स्वतःचं काम उरकलेला शेजारीही छातीठोकपणे सांगतो. ऐकणाऱ्यालाही ते हवंहवंसं वाटतं, कारण त्यात खर्च कमी, धूळ कमी आणि दिवसही कमी. माझं म्हणणं असं की हा सल्ला चुकीचा आहे. इतर बाथरूमांच्या बाबतीत तो कधीकधी बरोबर ठरत असेल, पण टबाच्या जागी शॉवर करताना तो हमखास चुकतो. आणि त्याची किंमत सल्ला देणारा मोजत नाही. आधी खालच्या मजल्यावरचं कुटुंब मोजतं आणि मग आपण.

मुंबई-पुण्यात १९८०-९० च्या दशकांत बांधलेल्या अनेक मोठ्या फ्लॅटांत बेडरूमला लागून असलेल्या बाथरूममध्ये टब आहे. ऐपतीची खूण म्हणून बिल्डरांनी तो दिला. आंघोळीसाठी तो फारसा वापरला गेला नाही. पाणीकपातीच्या दिवसांत पाणी भरून ठेवायला, एरवी बादल्या आणि भिजवलेले कपडे ठेवायला त्याचा उपयोग झाला. ते फ्लॅट घेणारी पिढी आज साठी-सत्तरीत आहे. दीड फूट उंचीची गुळगुळीत कड ओल्या पायाने ओलांडणं त्यांना आता झेपत नाही. म्हणून टब काढायचा निर्णय योग्यच आहे, त्यावर वाद नाही. फ्लॅट विकताना टब असला तर भाव जास्त येतो, हा आक्षेप मी विचारात घेत नाही. राहतं घर अजून न आलेल्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवायचं आणि रोज स्वतःचा पाय घसरण्याची भीती बाळगायची, यात शहाणपण नाही.

वाद आहे तो टब कसा काढायचा आणि पैसे कुठे घालायचे, यावर. समोरच्या बाजूचं म्हणणं आधी नीट मांडतो, कारण ते अगदीच पोकळ नाही. हातोडा आणि ब्रेकर चालवले की जुन्या स्लॅबला हादरे बसतात. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा कोबा (लादीखालचा पाणी अडवणारा थर) शाबूत असेल तर तो फोडून आपणच गळतीला वाट करून देतो. लादीवर लादी चिकटवण्याचे अधेसिव्ह आता खरोखर चांगले मिळतात. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरलं की पाणी सांध्यातून आत शिरत नाही. राडारोडा कमी होतो, सोसायटीची कुरकुर कमी होते. यातला प्रत्येक मुद्दा त्याच्या जागी खरा आहे. कोरड्या भिंतीवर, गळती नसलेल्या बाथरूममध्ये, नुसतं रूप बदलायचं असेल तर मीही तोडफोड नको असंच म्हणेन.

पण टब काढताना नुसतं रूप बदलत नाही, पाण्याचा मार्ग बदलतो. टब असतो तेव्हा पाणी टबाच्या पोटात पडतं आणि तिथूनच पाइपात जातं. जमिनीवर आणि भिंतीवर उडतं ते शिंतोड्यांपुरतं. पाणी धरून ठेवायचं काम टब करतो, आणि तो ॲक्रिलिकचा, फायबरचा किंवा एनॅमल लावलेल्या लोखंडाचा सलग, बिनसांध्याचा असतो. तो काढला की तेच काम खोलीला करावं लागतं. शॉवरचं पाणी तीन भिंतींवर आदळतं, डोक्याच्या उंचीपासून खाली ओघळतं, जमिनीवर पसरतं आणि उताराने जाळीपर्यंत पोचतं. दिवसातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षं. म्हणजे जी जागा आजवर जवळजवळ कोरडी होती, ती यापुढे घरातली सर्वांत ओली जागा होणार. तिथे खाली काय आहे हे न बघता वरून लादी लावा, असं सांगणारा माणूस नेमका मुख्य प्रश्नच वगळतो.

खाली काय असतं ते बघू. टब बसवताना बहुतेक ठिकाणी समोर अर्ध्या विटेची भिंत बांधून त्यावर लादी लावलेली असते. आत टबाच्या पायांखाली किंवा पोटाखाली रेती, विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे भरलेले असतात. बाजूच्या भिंतींवरची लादी टबाच्या कडेपासून वर सुरू होते. कडेखालच्या दीड-दोन फुटांत कित्येकदा साधं प्लास्टर असतं, काही वेळा तेही नसतं. जमिनीवर लादी नसते, कारण ती कुणाला दिसणार नव्हती. कोबा तिथपर्यंत नीट घातला होता की टबाच्या भिंतीपाशीच संपवला, हे उघडल्याशिवाय सांगता येत नाही. टबाची कड आणि भिंत यांच्यामधला सांधा तीस वर्षांत कधीतरी सुटलेला असतो आणि त्यातून थोडंथोडं पाणी त्या पोकळीत मुरलेलं असतं. टब उचलल्यावर खालची रेती ओली निघते, कुबट वास येतो, झुरळं निघतात. चार दिवसांच्या योजनेत ही पोकळी त्याच रेती-तुकड्यांनी सपाट करून वर लादी लावली जाते.

पाइपाचीही अडचण असते. टबाचं सांडपाणी न्यायला साधारण ४० मिलिमीटरचा पाइप पुरतो, कारण टब सावकाश रिकामा झाला तरी पाणी टबातच थांबतं. शॉवरखाली जमिनीत नहाणी ट्रॅप लागतो, तोही ७५ मिलिमीटरच्या पाइपाला जोडलेला, आत वास अडवायला ५० मिलिमीटर पाणी उभं राहील असा. तो बसवायला जमिनीत खोली लागते. टबाच्या जुन्याच पाइपावर जाळी बसवून भागवलं, तर केस आणि साबणाचा मळ अडकला की पाणी पाऊलभर साचतं आणि बाथरूमच्या कोरड्या भागाकडे वळतं. तिथून पुढे उंबऱ्याखालून बेडरूमच्या भिंतीत. पलंगामागच्या भिंतीचा रंग खालून फुगायला लागला की लोक पेंटरला बोलावतात. कारण भिंतीच्या पलीकडे असतं.

‘मग केमिकल मारू’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. वॉटरप्रूफिंगची रसायनं मी निरुपयोगी म्हणत नाही. सिमेंटमध्ये मिसळून ब्रशने दोन हात देण्याचे पॉलिमरचे लेप चांगले असतात आणि ते लावायलाच हवेत. पण ते घट्ट, स्वच्छ, उतार दिलेल्या पृष्ठभागावर, भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा गोलसर करून, पाइप जिथून निघतो तिथे नीट भरून लावायचे असतात. सुट्या रेतीवर लेप धरत नाही. जुन्या लादीवर लावलेला लेप वरून येणारं पाणी काही काळ अडवेल, पण लादीखाली आधीच मुरलेलं पाणी कुठे जाणार? ते खालीच जाणार, म्हणजे स्लॅबमध्ये. स्लॅबच्या सळया एकदा गंजू लागल्या की गंजाने त्या फुगतात आणि खालचं काँक्रीट फोडून बाहेर काढतात. खालच्या घरातल्या छताचे पोपडे ही त्याची सुरुवात असते. पुढे प्लास्टरचा तुकडा पडतो आणि उघडी, तांबूस सळई दिसते. या टप्प्यावर दुरुस्तीचा खर्च वरच्या मजल्यावर तोडफोड टाळून वाचवलेल्या रकमेच्या कितीतरी पुढे गेलेला असतो, आणि ती दुरुस्ती दुसऱ्याच्या घरात करावी लागते.

लादीवर लादी लावण्यात आणखी एक तोटा आहे, तो मला वयस्कर माणसांच्या दृष्टीने फार गंभीर वाटतो. अधेसिव्ह आणि नवी लादी मिळून जमीन अर्धा इंच किंवा थोडी जास्त वर येते. दार खाली घासतं म्हणून कापावं लागतं. आतली पातळी बाहेरच्या पातळीला येऊन भिडते, मग पाणी बाहेर येऊ नये म्हणून उंबरा उंच करतात आणि शॉवरभोवती चार इंचांचा कट्टा घालतात. टब काढला तो पाय उंच उचलावा लागू नये म्हणून, आणि त्या जागी अडखळायला दोन नव्या कडा तयार झाल्या. आपल्याकडच्या बाथरूमचा एक मोठा फायदा यात वाया जातो. जुन्या इमारतींत बाथरूमखालचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा फूट-दीड फूट खोल टाकलेला असतो, त्याला सनकन स्लॅब म्हणतात. ही खोली हाताशी असल्यामुळे शॉवरची जमीन बाकीच्या बाथरूमच्या सपाटीला, कट्टा न घालता, फक्त उतार देऊन करता येते. परदेशातल्या लाकडी तक्तपोशीच्या घरांत एवढी सोय करायला मोठी यातायात करावी लागते. आपल्याकडे ती बांधकामातच आहे, पण ती वापरायची तर वरचं सगळं उघडावं लागतं.

आता पैशाचं बोलू, कारण ‘परवडत नाही’ हेच तोडफोड टाळण्याचं खरं कारण असतं. पाच बाय आठ फुटांचं बाथरूम धरा, त्याच्या एका टोकाला पाच फूट लांब आणि अडीच फूट रुंद टब. जमीन ४० चौरस फूट. भिंतींना सात फुटांपर्यंत लादी लावली तर दार वजा जाता सुमारे १६५ चौरस फूट. कापाकापीत वाया जाणारी दहा टक्के धरून एकूण २२५ चौरस फूट लादी लागेल. समजा एक लादी चौरस फुटाला ६० रुपयांची आहे आणि दुसरी १२० ची. म्हणजे १३,५०० आणि २७,०००. दुकानात उभं राहून आपण ज्या निवडीवर संध्याकाळ घालवतो, त्या निवडीचा फरक साडेतेरा हजारांचा. आता वॉटरप्रूफिंगचं क्षेत्रफळ मोजा. सगळी जमीन ४० चौरस फूट, शॉवरच्या तीन भिंती मिळून दहा फूट लांब आणि सात फूट उंच म्हणजे ७०, उरलेल्या भिंतींना जमिनीपासून एक फूट चढवायचं ते साधारण १५. बेरीज सव्वाशेच्या आसपास. लादीच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून थोडंच जास्त. एवढ्या भागाचं काम उत्तम माल वापरून, उत्तम मिस्त्रीकडून करून घेतलं तरी लादीच्या त्या एका निवडीतून वाचलेले पैसे त्यात मोठा हातभार लावतात.

तरीही आपली अंदाजपत्रकं उलटी असतात. आधी लादी पसंत होते, मग डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे हे ठरवणारा खटका), वरचा मोठा गोल शॉवर, काचेचं पार्टिशन, आरशामागचे दिवे. या सगळ्यांची बेरीज झाल्यावर जे उरेल त्यात कोबा, पाइप आणि मजुरी बसवायची. उरलेलं कमी असतं, म्हणून ‘तोडफोड नको’ हा सल्ला पटतो. मी म्हणतो, अंदाज स्लॅबपासून वर यावा. तोडणं आणि राडारोडा उचलणं, मग पाइप आणि ट्रॅप, मग कोबा आणि लेप, मग विजेची वायरिंग, आणि या सगळ्याचे पैसे बाजूला काढून उरतील त्यांतून लादी आणि नळ. लादी साधी निघाली तर निघू दे. मोरबीची साधी मॅट लादी पाय धरून ठेवते, आणि ओल्या जमिनीसाठी तेच पाहिजे. खोक्यावर घसरणीचं आर-१० किंवा आर-११ असं माप छापलेलं असेल तर शॉवरखाली आर-११ घ्या. चकचकीत लादी भिंतीवर लावा, पायाखाली नको. लादी आणि फिटिंगवर १८ टक्के जीएसटी असतो. २०१७ च्या नोव्हेंबरात तो २८ वरून खाली आला. दुकानदाराने तोंडी सांगितलेला भाव बरेचदा कराशिवायचा असतो, हेही अंदाजात धरा. आणि एकूण रकमेच्या पंधरा-वीस टक्के रक्कम वेगळी ठेवा. टबाखाली काय निघेल हे आधी कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे ही रक्कम खर्च होणारच असं समजून चालावं.

कंत्राटदाराने दिलेला ठोक भाव कधीही मान्य करू नये, असं मी म्हणेन. ‘पूर्ण बाथरूमचे इतके’ या एका आकड्यात कशाला किती हे कळत नाही, आणि काम सुरू झाल्यावर ज्या गोष्टी दिसत नाहीत त्यांतच कसर केली जाते. तोडण्याचे किती, राडारोडा किती फेऱ्यांत जाणार, ट्रॅप कुठला, पाइप कुठल्या कंपनीचा आणि किती जाडीचा, लेपाचे किती हात, हे मापासह लिहून घ्यावं. सनकन पुन्हा कशाने भरणार हे तर ठळक लिहून घ्यावं. फोडून निघालेला राडारोडाच परत सनकनमध्ये ओतण्याची चाल सर्रास आहे. त्यात उचलण्याचे पैसे वाचतात आणि भरण्याचेही. पण चाळीस चौरस फुटांचा, फूटभर खोल सनकन म्हणजे एक घनमीटरहून जास्त जागा. विटांच्या तुकड्यांनी ती भरली तर वजन दीड टनाच्या आसपास जातं, आणि त्या तुकड्यांमधल्या पोकळ्यांत पाणी साठून राहिलं तर आणखी. सिपोरेक्ससारख्या हलक्या ब्लॉकांनी भरली तर वजन निम्म्यावर येतं. मात्र ते ब्लॉक पाणी शोषतात, म्हणून लेप त्यांच्या खालीही हवा आणि वरही. राडारोडा गल्लीच्या कोपऱ्यावर टाकून पळ काढणाऱ्या टेम्पोला काम देऊ नये. २०१६ पासून त्याची रीतसर विल्हेवाट लावण्याचे केंद्राचे नियम आहेत आणि मुंबईत महापालिकेला फोन केला तर ती पैसे घेऊन राडारोडा उचलून नेते. त्या फेऱ्यांचा खर्चही आपल्याच कामाचा खर्च आहे.

पाइपांबाबत मी अधिक कडक आहे. चाळीस वर्षांच्या इमारतीत भिंतीतले पाइप जस्त चढवलेल्या लोखंडाचे असतात. ते आतून गंजून अरुंद झालेले असतात. अशा पाइपावर महागडा कन्सील्ड डायव्हर्टर बसवला तर गंजाचे कण त्याच्या कार्ट्रिजमध्ये जाऊन बसतात आणि वर्षभरात लादी फोडायची वेळ येते. भिंत उघडली आहे तोवर गरम-गार दोन्ही लाइन सीपीव्हीसीच्या करून घ्या. साधा यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही. लादी लागण्याआधी पंप लावून प्रेशर टेस्ट करून घ्या, आणि भिंतीतल्या पाइपांचे मापपट्टीसह फोटो काढून ठेवा. पुढे कुणी आरसा टांगायला ड्रिल मारेल तेव्हा ते उपयोगी पडतील.

वरचा आठ इंची पावसाळी शॉवर घेताना दोन हिशेब करावेत, ते दुकानात कुणी करून देत नाही. पाण्याच्या दहा मीटर उंचीने एक बार दाब मिळतो. गच्चीवरची टाकी तुमच्या शॉवरच्या तीन-चार मीटरच वर असेल तर दाब ०.३ ते ०.४ बार. एवढ्यात मोठ्या शॉवरमधून पाणी नुसतं ठिबकतं. मग पंप येतो, त्याची जागा, वीज, आवाज आणि खर्च येतो. दुसरा हिशेब गीझरचा. पंधरा लिटरच्या गीझरमध्ये पाणी ६० अंशांना तापलं, नळाचं पाणी २५ अंशांचं असलं आणि अंगावर ४० अंशांचं हवं असलं, तर मिश्रण होऊन फार तर ३५ लिटर मिळतं. शॉवर मिनिटाला दहा लिटर सोडत असेल तर साडेतीन मिनिटांत पाणी गार. म्हणून शॉवर छोटा घ्या, हँडशॉवर नक्की घ्या, आणि गीझर २५ लिटरचा करायचा असेल तर त्याची वायर आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा खटका) आत्ताच टाकून घ्या. गॅस गीझर असेल तर तो या निमित्ताने बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत न्या. बंद दाराआड त्याच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड माणसाला सावध होण्याची संधी देत नाही.

बादलीवाल्यांचाही एक आक्षेप आहे, आणि तो मला मनापासून मान्य आहे. आपण बादली-तांब्याने दीड बादलीत, तीस लिटरमध्ये आंघोळ करतो. शॉवर पाणी उधळतो. बांधकामाच्या भारतीय मानकांत माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं आहे, त्यातले ५५ आंघोळीचे. पाच मिनिटांचा शॉवर जवळपास तेवढंच घेतो. पुणे असो वा ठाण्याचा घोडबंदर रस्ता, उन्हाळ्यात टँकर बोलावणाऱ्या इमारतींत हा मुद्दा झटकून टाकता येत नाही. पण त्यातून शॉवर नको असा निष्कर्ष निघत नाही. ज्याचे गुडघे वाकत नाहीत, ज्याला भरलेली बादली सरकवता येत नाही, त्याला बसून हँडशॉवर घेता आला पाहिजे. बाकीच्यांसाठी त्याच जागेत बादलीचा नळ ठेवा. सपाट, कट्टा नसलेल्या शॉवरमध्ये स्टूल ठेवून बादलीनेही आंघोळ होते. काचेच्या बंद खोक्यात होत नाही. क्षारांच्या पाण्याने ती काच महिन्याभरात पांढुरकी पडते, ती पुसायचं काम घरातल्या कुणाच्या तरी वाट्याला येतं. मी काचेचं पार्टिशन पहिल्याच यादीतून काढून टाकीन.

धरायच्या दांड्यांबद्दल ‘आत्ता नको, लागतील तेव्हा लावू’ असं म्हणणारे असतात. त्यांना एवढंच विचारायचं आहे की लागतील तेव्हा म्हणजे कधी? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं दगावतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. खुब्याचं हाड मोडल्यावर दांडी लावायची म्हणजे नव्या लादीला आणि नव्या लेपाला भोकं पाडायची. भिंत उघडी असताना दांड्यांची जागा ठरवली तर तिथे भरीव विटेचा किंवा काँक्रीटचा आधार देता येतो. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत साधा स्क्रू माणसाचं वजन पेलत नाही. दांडी ३२ ते ४० मिलिमीटर जाडीची, मुठीत मावेल अशी हवी, आणि टॉवेल अडकवायच्या नळीला कुणी दांडी म्हणू नये. बसायला साडेचारशे मिलिमीटर उंचीवर ग्रॅनाइटची फळी भिंतीतच बसवून घेता येते, भिंत उघडी असताना तिला खर्च फार नाही.

दाराचा तर खर्चच नाही, तरी त्याचा विचार कुणी करत नाही. आपल्या फ्लॅटांची बाथरूमची दारं आत उघडतात. आत माणूस पडला तर त्याचंच शरीर दारामागे आडवं येतं आणि बाहेरचे लोक दार ढकलत राहतात. चौकट बदलताना दार बाहेर उघडणारं, किंवा सरकतं करून घ्यावं, आणि कडी बाहेरूनही नाण्याने फिरवता येईल अशी असावी.

दिवसांचा हिशेब उरला. तोडायला आणि उचलायला दोन-तीन दिवस, पाइपांना दोन, कोबा घातल्यावर त्याला पाणी मारत आठवडा, लेपाचे दोन हात आणि त्यांच्या सुकण्याला दोन-तीन दिवस, मग पाणी भरून ठेवायची चाचणी दोन दिवस, लाद्यांना चार-पाच, ग्राउट आणि फिटिंगला दोन-तीन. तीन ते साडेतीन आठवडे. चार दिवसांत होणाऱ्या कामात यातले कोबा, पाणी मारणं आणि चाचणी हे तीन टप्पेच नसतात.

पाणी भरून ठेवायच्या चाचणीवर मी अडून बसतो, कारण या कामात फसवता न येणारी तेवढीच एक गोष्ट आहे. लेप सुकला की ट्रॅपचं तोंड बंद करून सगळ्या जमिनीवर दोन इंच पाणी ४८ तास उभं ठेवायचं. भिंतीवर खूण करून पातळी बघायची आणि खालच्या घरात जाऊन छत बघायचं. लाद्या लागल्यावर ही चाचणी करण्यात अर्थ नाही, तेव्हा दोष दिसला तरी लादी फोडायला कुणी तयार होत नाही.

यावर शेवटचा आक्षेप येतो तो असा की माझ्या बाथरूममध्ये मी काय करावं हे सोसायटीने सांगू नये. पण महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतच सामाईक पाइपांच्या गळतीची दुरुस्ती संस्थेकडे आणि घरातल्या संडास-बेसिन वगैरेंच्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती सभासदाच्या खर्चाने, अशी वाटणी केलेली आहे. सभासदाची चूक सिद्ध करायला मात्र खालच्या रहिवाशाला महिनोन्‌महिने पत्रं लिहावी लागतात, कमिटीपुढे फोटो ठेवावे लागतात, आणि वरचा माणूस ‘तुमच्या छतातला दोष आहे’ म्हणत राहतो. तो स्लॅब दोघांचा आहे. एकाची जमीन आणि दुसऱ्याचं छत. म्हणून बाथरूमच्या कामाची परवानगी देताना संस्थेने एक अट घालावी: लेपानंतर, लाद्यांआधी ४८ तास पाणी भरून चाचणी होईल, ती संपताना कमिटीचा एक सदस्य आणि खालच्या घरातला एक माणूस मिळून छत पाहतील आणि तारीख घालून सही करतील, आणि त्या सहीशिवाय लाद्यांचं काम सुरू होणार नाही. सभासदानेही कंत्राटदाराचा मोठा हप्ता त्याच सहीला बांधून ठेवावा. या अटीला संस्थेचा एक पैसाही खर्च येत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. परवानगीच्या अर्जाच्या नमुन्यात हे चार ओळींचं कलम घालण्याचा ठराव याच सभेच्या विषयपत्रिकेवर आणा.